झटक्यानंतरचं हार्ट फेल्युअर: मृत्यूचा धोका कसा मोजायचा आणि पुन्हा कधी मोजायचा

"ईएफ २८ टक्के आहे, म्हणजे धोका किती?" हा प्रश्न राउंडला ज्युनिअर डॉक्टर विचारतात, बाहेर नातेवाईक विचारतात, आणि हल्ली डेटा सायन्स शिकणारी मुलंही विचारतात. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. उत्तर द्यायच्या आधी एक उलट प्रश्न विचारायला हवा: हा ईएफ हृदयविकाराच्या झटक्यानंतर कितव्या दिवशीचा? दुसऱ्या दिवशीचे २८ आणि तिसऱ्या महिन्यातले २८ यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात सुन्न पडलेला, पण अजून जिवंत असलेला स्नायू असू शकतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा जे गेलं ते गेलेलंच असतं.

झटक्यानंतर हार्ट फेल्युअर झालेल्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू न शकणाऱ्या, रुग्णाचा धोका ही सरकती गोष्ट आहे. ती कोणत्या क्षणी, कोणत्या साधनाने मोजायची हे इथे क्रमाने मांडतो. लेख मुख्यतः निवासी डॉक्टर, परिचारिका आणि क्लिनिकल डेटावर काम करणाऱ्यांसाठी आहे. घरच्या माणसांनीही वाचावा, पण ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून आपल्या माणसाचं भविष्य ठरवू नये. का, ते पुढे येईलच.

आधी प्रश्न पूर्ण लिहून काढा

कागदावर चार गोष्टी लिहा: घड्याळ कुठून सुरू होतं (दाखल झाल्यापासून, डिस्चार्जपासून की चाळिसाव्या दिवसापासून), किती काळाचा अंदाज हवा (रुग्णालयात असेपर्यंत, ३० दिवस, १ वर्ष, ३ वर्षं), कोणता मृत्यू (कोणत्याही कारणाने, हृदयामुळे की अचानक), आणि आकडा हातात आल्यावर तुम्ही वेगळं काय करणार. चौथ्याचं उत्तर "काही नाही" असेल तर स्कोअर काढण्यात वेळ घालवू नका. आयसीयूत आणखी एक दिवस ठेवायचं का, आधीच मोठ्या केंद्रात हलवायचं का, फॉलो-अप एका आठवड्यात की महिन्याने, डिफिब्रिलेटर (हृदयाची लय बिघडली की विजेचा शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवायचा का, असे निर्णय समोर असतील तरच आकड्याला किंमत आहे.

घड्याळावर इतका जोर देण्याचं कारण व्हॅलियंट चाचणीत दिसतं. झटक्यानंतर हृदयाचं आकुंचन कमी झालेले, हार्ट फेल्युअर झालेले किंवा दोन्ही असलेले १४ हजारांहून जास्त रुग्ण तिच्यात होते. त्यांच्यात अचानक मृत्यू किंवा हृदय बंद पडून वाचवलं जाणं याचं प्रमाण पहिल्या ३० दिवसांत महिन्याला १.४ टक्के होतं. दोन वर्षांनंतर ते महिन्याला ०.१४ टक्क्यावर आलं, म्हणजे दहावा हिस्सा. आजार तोच, पण धोक्याचा वेग दहापट वेगळा. तेव्हा "या रुग्णाचा धोका" असं काळाचा उल्लेख न करता कोणी सांगितलं तर ते वाक्य अर्धवट आहे.

पहिला तास: मशिनआधी हात आणि स्टेथोस्कोप

किलिप आणि किमबॉल यांनी १९६७ साली २५० रुग्णांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तिला खर्च शून्य, आणि ती आजही जवळजवळ प्रत्येक स्कोअरच्या पोटात बसलेली आहे. फुफ्फुसं स्वच्छ, हार्ट फेल्युअरची खूण नाही, तो पहिला वर्ग. तळाशी क्रेप्स (श्वास घेताना ऐकू येणारा चरचर आवाज), हृदयाचा तिसरा ध्वनी किंवा फुगलेली मानेची शीर असेल तर दुसरा. फुफ्फुसांत उघड पाणी साचलं असेल तर तिसरा. बीपी पडलेलं, हातपाय गार, लघवी कमी, म्हणजेच कार्डिओजेनिक शॉक, तो चौथा. त्या काळी या चार वर्गांतला रुग्णालयातला मृत्युदर अनुक्रमे ६, १७, ३८ आणि ८१ टक्के होता. तेव्हा ना अँजिओप्लास्टी होती, ना रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध रोजच्या वापरात होतं. म्हणून हे टक्के आजच्या रुग्णाला लावू नका. उतरंड मात्र तशीच टिकून आहे.

किलिप वर्ग लिहिताना होणारी चूक नेहमीचीच. दाखल होताना घाईत "किलिप १" लिहिलं जातं, कारण पाठीकडून छाती ऐकलेलीच नसते. रुग्णाला बसतं करून दोन्ही बाजूंचा तळ ऐका. या एका नोंदीवर पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

याच तासात वय, नाडी, बीपी, झटका हृदयाच्या पुढच्या भिंतीचा की खालच्या, वेदना सुरू होऊन किती तास झाले, आधीचा मधुमेह, आणि हृदय बंद पडून परत सुरू केलं होतं का, एवढंही टिपा. नाडी भागिले वरचं बीपी हा साधा भागाकारही करून ठेवा. उत्तर १ च्या जवळ किंवा वर गेलं, तर बीपी "बरं" दिसत असूनही रुग्ण बरा नाही, हृदय धावून धावून ते टिकवतंय.

स्कोअर काढून पाहू

ईसीजीत एसटी (आलेखाचा एक भाग) वर गेलेला असेल तर ३० दिवसांतल्या मृत्यूचा अंदाज देणारा टिमी स्कोअर तोंडी काढता येतो. वय ६५ ते ७४ असेल तर २ गुण, ७५ किंवा जास्त असेल तर ३. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा पूर्वीचा अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं) यांपैकी काहीही असेल तर १. वरचं बीपी १०० च्या खाली असेल तर ३. नाडी १०० च्या वर असेल तर २. किलिप दुसरा ते चौथा वर्ग असेल तर २. वजन ६७ किलोपेक्षा कमी असेल तर १. पुढच्या भिंतीचा झटका किंवा डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल तर १. उपचार सुरू व्हायला ४ तासांहून जास्त लागले तर १. एकूण १४.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय ६८, मधुमेह, पुढच्या भिंतीचा झटका, पाच तासांनी पोहोचलेला, बीपी ११२, नाडी ९६, तळाशी क्रेप्स, वजन ७२ किलो. वयाचे २, मधुमेहाचा १, क्रेप्सचे २, पुढच्या भिंतीचा १, उशिराचा १. बेरीज ७. मूळ अभ्यासात ७ गुणांना ३० दिवसांतला मृत्युदर २३.४ टक्के होता.

आता याच माणसाची नाडी दहा मिनिटांनी १०२ झाली. बेरीज ९, आणि ८ च्या वरच्या गटाचा आकडा ३५.९ टक्के. सहा ठोके वाढले आणि कागदावरचा धोका दीडपट झाला! रुग्णात असं काही घडलेलं नाही. गुणांच्या स्कोअरला जागोजागी कडे असतात, आणि सीमेवरचा रुग्ण कड्यावरून खाली पडतो. म्हणून रुग्ण कोणत्याही सीमेच्या जवळ असेल तर दोन्ही बाजूंनी स्कोअर काढा आणि "७ ते ९" अशी पट्टी लिहा.

दुसरी गोष्ट, हे टक्के गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या जमान्यातले आहेत. लवकर अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णात ते सहसा जास्त भरतात. क्रम खरा, टक्का जुना, हे स्कोअरच्या जगातलं कायमचं दुखणं आहे.

एसटी वर न गेलेल्या झटक्यात ग्रेस स्कोअर जास्त कामाचा. त्यात वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारी रक्ततपासणी), किलिप वर्ग, दाखल होताना हृदय बंद पडणं, एसटीतला बदल आणि वाढलेले हृदयाचे एन्झाइम अशा आठ गोष्टी असतात. १४० च्या वर गेलेला रुग्ण जास्त धोक्याचा. यातलं क्रिएटिनिन माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. सगळ्यांची नजर ट्रोपोनिनवर (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) असते, आणि मूत्रपिंड गुपचूप सांगत असतं की पुढे रक्त पोहोचत नाहीये. व्हॅलियंटमधल्याच रुग्णांत मूत्रपिंडाचा गाळण्याचा अंदाजित वेग ८१ च्या खाली गेल्यावर दर १० एककांच्या घसरणीला मृत्यू आणि हृदयाच्या इतर गंभीर घटनांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी वाढत गेला. म्हणजे "क्रिएटिनिन नॉर्मलच्या जरा वर" ही किरकोळ नोंद नव्हे.

टूडी इको आणि रक्त: ईएफच्या पलीकडे बघा

ईएफ ४० किंवा कमी म्हणजे घटलेला, ४१ ते ४९ म्हणजे थोडा घटलेला, ५० आणि वर म्हणजे राखलेला. पण झटक्यानंतरच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात आणखी तीन ओळी शोधा. मायट्रल झडप किती गळते? डाव्या कप्प्यात रक्त भरताना दाब चढलेला आहे का (रिपोर्टातलं ई भागिले ई-प्राइम हे गुणोत्तर १५ च्या वर)? उजवा कप्पा कसा आकसतो? ईएफ ४५ असूनही भरण्याचा दाब चढलेला आणि झडप गळत असलेला रुग्ण, ईएफ ३५ असलेल्या पण कोरड्या फुफ्फुसांच्या रुग्णापेक्षा वाईट जाऊ शकतो.

बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारी द्रव्यं) वाचताना माणूस बघा. लठ्ठ व्यक्तीत ते अपेक्षेपेक्षा कमी येतं, वयस्करांत आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांत जास्त. सॅक्युबिट्रिल हे हार्ट फेल्युअरचं औषध चालू असेल तर बीएनपीवर विसंबू नका, कारण ते औषध बीएनपीचं विघटनच अडवतं. तिथे एनटी-प्रोबीएनपी मागवा. दाखल होतानाच्या आकड्यापेक्षा डिस्चार्जच्या वेळी तो किती उतरला हे जास्त बोलकं असतं. हिमोग्लोबिन आणि सोडियमवरही नजर टाका.

डिस्चार्जच्या दिवशी नवा हिशेब

जो रुग्ण पायावर घरी चाललाय त्याच्यासाठी दाखल होतानाचा स्कोअर शिळा झाला. इथे प्रश्न एक-तीन वर्षांचा आहे, आणि त्यासाठी मॅगिक स्कोअर आहे. २०१३ साली ३० अभ्यासांतल्या ३९,३७२ हार्ट फेल्युअर रुग्णांवरून तो तयार झाला. वय, लिंग, ईएफ, एनवायएचए वर्ग (किती श्रमाने दम लागतो याची प्रतवारी), वरचं बीपी, बीएमआय, क्रिएटिनिन, धूम्रपान, मधुमेह, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), आजार १८ महिन्यांपेक्षा जुना आहे का, बीटा-ब्लॉकर (नाडी आणि बीपी उतरवणारं औषध) चालू आहे का, एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवणारी औषधं) चालू आहे का, अशा तेरा गोष्टी. त्यात बीएनपी नाही, आणि नुकत्याच आलेल्या झटक्याचा विचारही नाही. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांचा चढा धोका तो पकडत नाही. एक वर्षाच्या पुढचं चित्र बघायला मात्र तो चांगला.

आता एक सापळा. मॅगिकमध्ये बीटा-ब्लॉकर चालू नसेल तर ३ गुण वाढतात. ते वाचून कोणी म्हणेल, मग आत्ताच सुरू करू, ३ गुण वाचले! पण ज्यांना ते औषध दिलेलं नव्हतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं बीपीच औषध झेपण्याइतकं नव्हतं. औषधाची अनुपस्थिती ही आजाराच्या तीव्रतेची सावलीही असते. कमिट चाचणीत ४५,८५२ रुग्णांत झटक्याच्या सुरुवातीलाच शिरेतून मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर देऊन पाहिलं. पुन्हा झटका येणं आणि व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची जीवघेणी बिघडलेली लय) दर हजारी पाच-पाचने घटलं, पण कार्डिओजेनिक शॉक हजारी अकराने वाढला, आणि तो मुख्यतः आधीच डळमळीत असलेल्या रुग्णांत. उलट कॅप्रिकॉर्न चाचणीत स्थिर झालेल्या, ईएफ ४० किंवा कमी असलेल्या रुग्णांना कार्व्हेडिलॉल हळूहळू वाढवत दिलं, तेव्हा मृत्यू १५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. औषधाचा वर्ग तोच, वेळ निराळी. काय होईल हे स्कोअर सांगतो. काय केल्याने बदलेल हे विचारायचं असेल तर औषधाची चाचणी उघडा.

डिस्चार्जआधी स्कोअरमध्ये न मावणारे दोन प्रश्न उरतात. फुफ्फुसांत आणि पायांत अजून पाणी आहे का? आणि आजारापूर्वी हा माणूस स्वतःचं स्वतः करत होता का? पाणी शिल्लक असताना घरी गेलेला रुग्ण लवकर परत येतो, किंवा येतच नाही. थकलेल्या, परावलंबी झालेल्या वृद्धाचा धोका कोणताही हृदयाचा स्कोअर कमीच दाखवेल.

चाळीस दिवसांचा नियम आणि त्यामागची गोष्ट

पहिल्या महिन्यात अचानक मृत्यू सर्वांत जास्त, मग डिफिब्रिलेटर तेव्हाच का बसवत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे, आणि डिनामिट चाचणीने तोच विचारला. ईएफ ३५ किंवा कमी असलेल्या ६७४ रुग्णांना झटक्यानंतर ६ ते ४० दिवसांत निम्म्यांना यंत्र बसवलं, निम्म्यांना नाही. हृदयाची लय बिघडून झालेले मृत्यू यंत्राच्या गटात १२, दुसऱ्या गटात २९. यंत्राने आपलं काम केलं. पण इतर कारणांनी झालेले मृत्यू यंत्राच्या गटात ५० आणि दुसऱ्यात २९. एकूण बेरीज ६२ विरुद्ध ५८. फायदा शून्य.

यातला एक धागा व्हॅलियंटमधल्या शवविच्छेदनांनी उलगडला. पहिल्या महिन्यात "अचानक" गेलेल्यांपैकी अनेकांत पुन्हा आलेला झटका किंवा फाटलेलं हृदय सापडलं. विजेचा शॉक यांपैकी काहीच शिवू शकत नाही. धोका मोजताना मृत्यूचं कारण वेगळं लिहायला सांगितलं, ते याचसाठी.

पुढे मॅडिट-२ मध्ये झटक्याला निदान एक महिना उलटलेल्या, ईएफ ३० किंवा कमी असलेल्या रुग्णांत यंत्राने मृत्यू १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आणले. म्हणून सध्याची पद्धत अशी: झटक्यानंतर किमान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर किमान ३ महिने थांबायचं, पूर्ण औषधं चालू ठेवायची, मग इको पुन्हा करायचा. तेव्हाही ईएफ ३५ किंवा कमी आणि चालताना दम लागत असेल, किंवा ३० किंवा कमी आणि दम नसेल, तर यंत्राचा विचार. पहिल्या आठवड्यात २८ असलेले कितीतरी रुग्ण तोपर्यंत चाळिशीत पोहोचतात. ही फेरतपासणी न झालेला रुग्ण हा माझ्या लेखी सर्वांत मोठा गळका भाग आहे, कारण त्याचा शेवटचा आकडा कागदावर कायमचा चुकीचा राहतो.

स्वतः मॉडेल बांधणार असाल तर

हार्ट फेल्युअरवर शिकण्यासाठी एक सार्वजनिक डेटासेट फार फिरतो: पाकिस्तानातल्या फैसलाबादमधले २९९ रुग्ण, २०१५ साली गोळा केलेला, त्यात ९६ मृत्यू. त्यावर ९० टक्क्यांहून जास्त अचूकतेचे दावे सहज सापडतात. बऱ्याच वेळा रहस्य एका रकान्यात असतं, फॉलो-अपचे दिवस. जो लवकर गेला त्याचे दिवस कमी असणारच! उत्तरपत्रिकाच प्रश्नपत्रिकेला टाचलेली. तो रकाना काढून टाका आणि मग बघा. नियम सोपा: घड्याळ सुरू होण्याच्या क्षणी जी माहिती खाटेपाशी उपलब्ध नव्हती, ती मॉडेलला दाखवायची नाही. दाखल होतानाचा अंदाज करताना "सर्वोच्च ट्रोपोनिन" वापरणं हीही तीच चोरी, कारण शिखर नंतर येतं.

रिकाम्या जागांशी जपून वागा. इको का झाला नाही? एक तर रुग्ण इतका ठीक होता की घाई वाटली नाही, नाहीतर इको होण्याआधीच तो गेला. त्या जागी सरासरी ईएफ भरलात तर दोन टोकांची माणसं मध्यावर आणून बसवलीत. संपर्क तुटलेल्या रुग्णाला जिवंत धरू नका. ज्या दिवसापर्यंत माहिती आहे तिथवरच त्याला मोजणाऱ्या सर्व्हायव्हल पद्धती वापरा. अचानक मृत्यूचा अंदाज करत असाल, तर दुसऱ्या कारणाने गेलेला माणूस पुन्हा अचानक जाऊ शकत नाही, हे स्पर्धक जोखमीचं गणित विसरू नका.

मॉडेल तपासताना लोक एयूसीवर थांबतात. एक दगावलेला आणि एक जगलेला रुग्ण उचलला, तर मॉडेल दगावलेल्याला जास्त धोका देईल याची शक्यता किती, एवढंच एयूसी सांगतो. टक्का खरा आहे का हे तो सांगत नाही. त्यासाठी मॉडेलने २० टक्के धोका दिलेले ५० रुग्ण काढा आणि मोजा. दहाच्या आसपास गेले असतील तर ठीक. चारच गेले असतील तर क्रम बरोबर असूनही मॉडेल घाबरट आहे, आणि ते तुमच्या रुग्णांवर नव्याने जुळवून घ्यावं लागेल. ही तपासणी ज्या डेटावर मॉडेल शिकलं त्याच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात आणि नंतरच्या वर्षांत करा. काय केलं आणि काय लपलं हे लिहिताना ट्रायपॉडची (अशा मॉडेलबद्दल काय काय लिहावं याची मार्गदर्शिका) २०१५ मधली यादी समोर ठेवा. मशिन लर्निंगसाठी तिची २०२४ ची आवृत्ती आहे.

आकडा माणसांना सांगताना

"२३ टक्के धोका" नातेवाइकांपर्यंत पोहोचत नाही. "यांच्यासारखे शंभर रुग्ण असतील तर पहिल्या महिन्यात साधारण वीस-पंचवीस जण दगावतात, बाकीचे त्यातून बाहेर येतात, आपले कोणत्या बाजूला जातील हे आज सांगता येत नाही" हे पोहोचतं. दोन्ही बाजू एकाच दमात सांगा. दशांश कधीच बोलू नका, तेवढी अचूकता कोणत्याच स्कोअरमध्ये नाही. कोणी "म्हणजे आशा सोडायची का?" असं विचारलं, तर आकड्याकडून पुढच्या पावलाकडे वळा: आज काय करतोय, उद्या सकाळी काय बघणार, काय दिसलं तर बरं आणि काय दिसलं तर वाईट.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी तीन ओळी लिहा: आजचा स्कोअर आणि तो कोणत्या मुदतीचा आहे; कोणती औषधं अजून पूर्ण डोसला पोहोचलेली नाहीत; आणि पुढच्या इकोची नक्की तारीख. "सहा आठवड्यांनी" असं नको. तारीख.